तीन वर्षं पुरेल असा परकर: जुन्या सुती साडीतून, चार वर्षांच्या मुलीसाठी

गेल्या नवरात्रात भाचीच्या बालवाडीत भोंडला होता आणि "परकर-पोलकं घालून या" अशी चिठ्ठी आली. बहीण तयार परकर घेऊन आली. झगमगीत, आत टोचणारी जाळी, कमरेला दोरीसारखं बारीक इलास्टिक. पोरीने तो अर्धा तास घातला आणि काढला तेव्हा कमरेवर लाल वळ उठला होता. त्याच रात्री आईच्या कपाटातली निळी सुती साडी काढली. वीस-बावीस वर्षं वापरलेली, लाल काठाची, हाताला अगदी लोण्यासारखी झालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन-अडीच तासांत परकर तयार होता. आता वर्ष होत आलं. त्याची एक दुमड सोडून झाली आहे, दुसरी अजून शिल्लक आहे.

या दुमडींसाठीच मुख्यतः हा लेख लिहिते आहे. चार ते सात या वयात मुलं वर्षाला साधारण ६ सेंटिमीटरच्या आसपास उंच होतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पायांत होते. कंबर मात्र त्या मानाने फारच थोडी वाढते. म्हणजे परकर घट्ट होत नाही, आखूड होतो. काठाच्या वर दोन आडव्या दुमडी घालून ठेवल्या आणि आखूड होईल तसतशी एकेक सोडली तर तोच परकर तीन वर्षं चालतो. आमच्या लहानपणी आई हेच करायची. हल्ली शिवून देणारेसुद्धा ते करत नाहीत, कारण त्यात कापड जास्त जातं आणि कुणी मागतही नाही. तुम्ही घरी शिवत असाल तर कृपा करून ते वगळू नका.

शिवणकाम नव्याने शिकणाऱ्यांनी परकरापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. यात बाही नाही, गळा नाही, कुठे गोलाई नाही. एक लांब आयताकृती कापड, एक उभी शिवण, वर इलास्टिक ओवायचा नेफा, खाली साडीचा काठ. मशीन नसेल तर हातानेही होतो. तीन-चार संध्याकाळी लागतील.

काय काय लागेल

एक जुनी सुती साडी. पाऊण इंच रुंदीचं चांगलं विणलेलं चपटं इलास्टिक, साधारण पाऊण मीटर. कापडाच्या रंगाचा दोरा, आणि कच्च्या टाक्यांसाठी वेगळ्या रंगाचा दोरा. टेप, खडू, टाचण्या, एक मोठी सेफ्टी पिन, कात्री, शिवण उसवायचं छोटं हत्यार. एक पुठ्ठ्याची पट्टी, निदान १० इंच लांब. आणि इस्त्री. इस्त्री शिवताना शेजारी तापत ठेवा. सगळं झाल्यावर एकदाच फिरवायची म्हणून ती बाजूला ठेवू नका. परकर सुबक दिसतो तो प्रत्येक दुमड शिवण्याआधी दाबून घेतल्यामुळे.

मशीनला पातळ साडीसाठी ११ नंबरची सुई लावा, जरा जाड सूत असेल तर १४ चालेल. बोथट सुईने जुन्या कापडाचे धागे तुटतात, तेव्हा नवी सुईच घ्या.

साडी निवडताना

साडी उजेडासमोर धरा. जिथे विण विरळ झालेली दिसते तिथे कापड काही महिन्यांत फाटणार. दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहा. करकर आवाज आला किंवा धागे सरकले तर तो भाग सोडून द्या. बहुतेक साड्यांचा निऱ्यांचा खालचा भाग आणि खांद्यावरून जाणारा भाग आधी विरतो. फॉल लावलेला असेल तर त्याच्या वरचा काठ बहुधा धड असतो. फॉलची लांबी साधारण अडीच मीटर असते आणि आपल्याला लागतं त्याहून कमी कापड, म्हणून मी आधी तोच भाग तपासते. फॉल आकसून काठाला चुण्या पडल्या असतील तर उसवून टाका. सपाट असेल तर राहू द्या. त्याच्या वजनाने परकराचा काठ छान खाली राहतो आणि गिरकी घेतल्यावर घेरही सुंदर फुलतो.

नवी साडी किंवा नवं कापड वापरणार असाल तर कापण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा. सूत पहिल्या पाण्याला आटतं. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्याला परकर वर चढतो, आणि काठ व अंग वेगवेगळ्या प्रमाणात आटले तर काठ वळतो. रंग जातो का हे पाहायला कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण मुळात कच्चा असलेला रंग मिठाने पक्का होत नाही. फडक्याला रंग लागत असेल तर तो कपडा मुलीच्या पांढऱ्या पोलक्याबरोबर घालायला नको, एवढं लक्षात ठेवा. गर्द लाल रंगाच्या बाबतीत मी हे एकदा विसरले आणि पोलक्याचा गळा कायमचा गुलाबी झाला.

मापं

वयावरून माप ठरवू नका. चार वर्षांच्या दोन मुलींच्या उंचीत सहज दोन-तीन इंचांचा फरक असतो. मुलीला अनवाणी, सरळ उभी करा आणि दोनच मापं घ्या.

पहिलं माप कमरेचं. लहान मुलांना कंबर अशी नसतेच, पोट असतं. बेंबीच्या रेषेवर टेप गुंडाळा, टेपच्या आत आपलं एक बोट ठेवा, आणि तिला पोट आत ओढू देऊ नका. दुसरं माप त्या रेषेपासून घोट्याच्या हाडापर्यंत, बाजूने.

माझ्या भाचीची मापं होती: कंबर २१ इंच, कमरेपासून घोटा २२ इंच. पुढचं सगळं गणित याच आकड्यांनी करून दाखवते. तुम्ही आपले आकडे त्या जागी घाला.

तयार परकराची उंची घोट्यापेक्षा एक इंच कमी ठेवायची, म्हणजे २१. जमिनीला टेकणारा परकर फोटोत गोड दिसतो, पण जिना चढताना तोच पायाखाली येतो. यात नेफ्यासाठी दीड इंच मिळवा आणि दोन दुमडींसाठी प्रत्येकी २ असे ४ इंच. एकूण साडेसव्वीस इंच. साडीचा काठ खालीच येणार असल्यामुळे खालची कड दुमडून शिवायला वेगळी माया (शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड) लागत नाही. साडीतून परकर शिवण्याचा हा मोठा फायदा आहे.

घेर कमरेच्या तिप्पट: ६३ इंच. उभ्या शिवणीसाठी दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच माया, म्हणजे साडेचौसष्ट इंच. पूर्वीच्या परकरांना याहून जास्त घेर असायचा, पण त्यांना नाडी असायची. इलास्टिकच्या नेफ्यात फार कापड कोंबलं की कमरेपाशी गठ्ठा होतो आणि पोलकं त्यावर नीट बसत नाही. कापड मलमलीसारखं अगदी पातळ असेल तर साडेतीन पट घ्या. जाड असेल तर अडीच पट पुरे.

कापणं

कापड जमिनीवर पसरून एकदा इस्त्री फिरवा. साडीचा काठ आपल्याकडे, म्हणजे काठ परकराच्या खाली येणार आणि साडीची लांबी परकराचा घेर होणार.

घेराचं माप (साडेचौसष्ट इंच) जिथे संपतं तिथे कात्रीने कापू नका. काठापाशी छोटी चीर द्या आणि पन्ह्याच्या, म्हणजे साडीच्या रुंदीच्या, दिशेने फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर अगदी सरळ फाटतं, आपल्या हाताने आखलेल्या रेषेपेक्षा सरळ. काठाच्या रुंदीइतकं मात्र आधी कात्रीने आडवं कापून घ्या, काठ घट्ट विणीचा असतो आणि फाडताना ओढला जातो.

उंचीची रेषा (काठाच्या अगदी खालच्या कडेपासून साडेसव्वीस इंच) काठाला समांतर जाते. जुनं कापड या दिशेने फाडायला गेलं तर वेडंवाकडं होतं. म्हणून तिथे एक धागा पकडून हळूहळू ओढा. कापडावर बारीक रेघ उमटेल, त्या रेघेवरून कात्री चालवा. धागा मध्येच तुटला तर जिथे तुटला तिथून पुन्हा दुसरा पकडा. वेळ लागतो, पण पुढे दुमडी तिरक्या जात नाहीत त्या यामुळेच.

साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, तेव्हा वर १८ इंचांचा पट्टा उरेल. तो फेकू नका. त्यात चार वर्षांच्या मुलीचं पोलकं बसतं.

उभी शिवण

परकराला एकच उभी शिवण आहे आणि ती मागे येते. ती फ्रेंच शिलाईने घ्या, म्हणजे आतून धागे सुटत नाहीत आणि इंटरलॉक करावं लागत नाही. लहान मुलांच्या कातडीला इंटरलॉकचा दोरा टोचतो.

कापडाच्या दोन्ही उभ्या कडा जुळवा, पण उलट बाजू उलट बाजूला लावून. म्हणजे सुलट बाजू बाहेर दिसेल. इथे नवशिक्यांचा हात थबकतो, कारण नेहमीची सवय याच्या नेमकी विरुद्ध असते. काठ काठाशी बरोबर जुळला पाहिजे, म्हणून टाचणी लावायला काठापासून सुरुवात करा आणि वर जा. वर थोडं कमी-जास्त झालं तर ते नेफ्यात जाईल. कडेपासून पाव इंचावर टीप मारा. माया अर्धी छाटा. शिवण इस्त्रीने उघडून दाबा, मग कापड उलटवून सुलट बाजूला सुलट बाजू लावा, शिवण बरोबर कडेवर आणा, पुन्हा दाबा, आणि आता कडेपासून पाव इंचापेक्षा किंचित जास्त अंतरावर दुसरी टीप. पहिल्या टिपेची छाटलेली माया आत बंद झाली पाहिजे. एखादा धागा बाहेर डोकावत असेल तर तिथे परत एक टीप घ्या.

हाताने शिवत असाल तर पहिली शिवण धावदोऱ्याने (सुई वर-खाली घालत सरळ पुढे) चालेल, दुसरी मात्र उलट टिपेने (दर टाक्याला थोडं मागे येत) घ्या. काठापाशी आणि वरच्या टोकापाशी दोन-तीन टाके मागे घेऊन पक्के करा.

आता हातात एक गोल नळकांडं आहे.

दुमडी

शिवणक्लासमध्ये यांना टक म्हणतात. उभी शिवण झाल्यावरच त्या घालायच्या. आधी सपाट कापडावर दुमडी घालून मग शिवण घेतली तर काम सोपं वाटतं, पण दुमडीची टोकं शिवणीत अडकतात आणि वर्षभराने उंची वाढवायची तर अख्खी शिवण उसवावी लागते. मी हे करून बसले आहे. तो परकर शेवटी तसाच लहान झाला.

पुठ्ठ्याची पट्टी घ्या. एका टोकापासून मोजून तिच्यावर चार खुणा करा. माझ्या साडीचा काठ अडीच इंचांचा होता, त्यानुसार खुणा अशा आल्या: पावणेचार, पावणेसहा, सव्वासात, सव्वानऊ इंच. काठ अडीच इंचांहून रुंद असेल तर जितका जास्त असेल तितका चारही आकड्यांत मिळवा, अरुंद असेल तर वजा करा. सगळा काठ उघडा राहतो, त्याच्या वर पाव इंच जागा सोडून पहिली दुमड बसते आणि तिच्या वर अर्धा इंच मोकळा ठेवून दुसरी.

पट्टीचं टोक काठाच्या खालच्या कडेला टेकवा आणि चारही खुणांशी खडूने ठिपके द्या. पट्टी चार-पाच इंच सरकवा, पुन्हा ठिपके. असं पूर्ण घेरभर.

पहिली दुमड: पावणेचार आणि पावणेसहाच्या ठिपक्यांना एकमेकांवर आणा. दुमड सुलट बाजूला, बाहेर यायला हवी. काही जण ती आत घेतात, म्हणजे दिसत नाही. मुलीच्या पायाचं बोट परकर घालताना आतल्या दुमडीत अडकतं आणि टाके तुटतात, म्हणून मी बाहेर घेते. शिवाय काठावर एकेक इंचाच्या दोन पट्ट्या ही आपल्याकडच्या परकराची जुनी शोभाच आहे. टाचण्या लावा, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके घाला, टाचण्या काढा, इस्त्री दाबा आणि मग ठिपक्यांवरून टीप मारा. दुमड काठाकडे खाली पाडून पुन्हा इस्त्री. सव्वासात आणि सव्वानऊच्या ठिपक्यांवर तसंच.

मशीनचा टाका इथे मोठा करा. उभ्या शिवणीला जो टाका असेल त्याच्या जवळजवळ दुप्पट. ही टीप पुढे उसवायची आहे. बारीक टाक्यांची टीप उसवताना जुनं कापड फाटतं आणि सुईच्या भोकांची रांग राहते.

फेरा पूर्ण होऊन टीप जिथे सुरू झाली तिथे परत येता तेव्हा चार-पाच टाके एकमेकांवर घ्या आणि दोरे आतल्या बाजूला ओढून गाठ मारा. कच्चा धागा काढून टाका.

नेफा

वरची कड आतल्या बाजूला अर्धा इंच दुमडून दाबा. मग पुन्हा एक इंच दुमडा आणि दाबा. उभी शिवण जिथे नेफ्यात शिरते तिथे तिची जाडी असते आणि इलास्टिक ओवताना पिन नेमकी त्याच फडफडीत अडकते. म्हणून दुसऱ्यांदा दुमडण्याआधी तेवढ्या जागेत शिवणीची माया एका बाजूला पाडून दोन-तीन हातटाक्यांनी कापडाला धरून ठेवा.

आतल्या दुमडीच्या अगदी कडेने टीप मारा. मागच्या शिवणीजवळ २ इंच जागा उघडी ठेवा. वरच्या कडेलाही कडेकडेने एक टीप मारली तर इलास्टिक आत गोल फिरत नाही, पण ती ऐच्छिक आहे.

इलास्टिक किती? कमरेपेक्षा दीड इंच कमी, आणि जोडासाठी एक इंच जास्त. २१ कमरेला साडेवीस इंच. हे तुमच्या इलास्टिकवर अवलंबून आहे. काही फार ताठ असतात, काही सैल. कापण्याआधी मुलीच्या कमरेभोवती गुंडाळून पाहा. तिने खाली बसून पुढे वाकलं तरी पोटाला खोल दाब बसता कामा नये.

एका टोकाला सेफ्टी पिन लावा आणि दुसरं टोक परकरालाच टाचणीने पक्कं करा, नाहीतर ते ओढलं जाऊन आत गुडूप होतं. ओवताना इलास्टिकला पीळ पडू देऊ नका. दोन्ही टोकं बाहेर आली की पीळ नाही ना हे पुन्हा तपासून, एकावर एक इंचभर ठेवून चौकोनात शिवा आणि चौकोनाच्या आत एक फुली. नुसती एक आडवी टीप मारली तर महिन्याभरात सुटते.

उघडी जागा मशीनने बंद करू नका, बारीक हातटाक्यांनी तुरपा. इलास्टिक दोनेक वर्षांत सैल होतं, तेव्हा हेच टाके उसवून नवं घालता येतं. शेवटी चुण्या सारख्या वाटून घ्या आणि दोन्ही कुशींच्या बाजूंना नेफ्यावरून इलास्टिकसकट एकेक छोटी उभी टीप मारा. चुण्या मग एकीकडे गोळा होत नाहीत.

मागच्या शिवणीपाशी नेफ्याच्या आत रंगीत दोऱ्याने एक छोटं फूल काढून द्या. चार वर्षांचं मूल स्वतःहून कपडे घालायला उत्सुक असतं, आणि "फूल पाठीकडे" एवढं सांगितलं की पुरतं.

नाडीबद्दल एक सांगायलाच हवं. परकराला नाडीच हवी असं आपल्या आज्यांना वाटतं आणि नाडीने परकर नीट बसतो हे खरं आहे. पण लहान मुलीला शाळेत ती सोडता-बांधता येत नाही आणि घाईच्या वेळी गाठ बसली की रडं येतं. लोंबती नाडी घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यात अडकू शकते. सात-आठ वर्षांपर्यंत इलास्टिकच बरं. तरी नाडी घालायचीच असेल तर ती नेफ्याच्या मागच्या मध्यावर शिवून टाका, म्हणजे एका बाजूने ओढली जाऊन निघत नाही, आणि बांधल्यावर टोकं आत खोचा.

घालून पाहणं

उभं राहून छान दिसतो म्हणून काम संपलं असं समजू नका. तिला मांडी घालून बसायला सांगा, उकिडवं बसायला सांगा, पाटावर चढून उतरायला सांगा, गोल फिरायला सांगा. उकिडवं बसताना परकर मागून खाली सरकत असेल तर इलास्टिक अर्धा इंच कमी करा. पायरी चढताना काठ पायाखाली येत असेल तर उंचीतून कापू नका, तात्पुरती तिसरी छोटी दुमड घाला. मोजून टाचण्या उचला. घालून पाहण्याच्या गडबडीत एखादी काठात राहते.

दोन-अडीच वर्षांच्या, गोल पोटाच्या मुलींच्या कमरेवर कुठलाच परकर टिकत नाही. त्यांच्यासाठी उरलेल्या कापडाची बिनबाह्यांची बॉडी शिवून परकर तिला जोडा. मग वजन खांद्यांवर येतं, इलास्टिक लागतच नाही, आणि वरून पोलकं घातलं की जोड दिसतही नाही. अशा बॉडीच्या परकराला मागे बटणपट्टी मात्र हवी.

साडी नसेल तर

मीटरवर मिळणाऱ्या साध्या सुती कापडाला काठ नसतो. त्यात खालची कड दुमडायला २ इंच उंची वाढवा आणि ती हाताने तुरपून घ्या. पन्हा ४४ इंच धरला तर पन्ह्याचे दोन तुकडे जोडावे लागतील, म्हणजे दोन शिवणी येतील आणि त्या कुशींना ठेवता येतील. दोन्ही तुकड्यांवरची नक्षी एकाच दिशेला आहे ना हे कापण्यापूर्वी पाहा. फुलं एका बाजूला उभी आणि दुसऱ्या बाजूला उलटी आली तर काहीच करता येत नाही.

खणाचा परकर हवा असेल तर काही गोष्टी बदलतात. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक हातमागाचा खण साडीपेक्षा बराच अरुंद असतो, म्हणून पन्हा दुकानातच मोजा. लहान मुलीच्या परकरात अख्खा पन्हा उंचीला वापरता येतो आणि दोन्ही काठ राहतात. अशा वेळी नेफा खणाचा दुमडू नका, वर मऊ सुती कापडाची वेगळी पट्टी जोडा. खणाच्या कडा पटकन सुटतात आणि आतली बाजू खरखरीत लागते, तेव्हा सुती अस्तर हवंच. दुमडी इथेही घाला, पण टीप हाताने, धावदोऱ्याने. खणावर सुईचं भोक दिसून येतं.

आणि कापड खरंच सुती किंवा रेशमी आहे ना, हे विचारा. खण म्हणून मिळणारं पुष्कळसं कापड आता पॉलिस्टरचं असतं. दिवाळीत घेरदार परकर घालून मुली पणत्यांच्या, फुलबाज्यांच्या आसपास फिरतात. पॉलिस्टरला ठिणगी लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. सुतालाही आग लागते, त्यामुळे फटाक्यांच्या वेळी कुठलाच लांब घेराचा परकर नको. दिवे लावून फोटो काढून झाले की साधा फ्रॉक घालायला द्या, मग अंगणात जाऊ द्या.

दुमड सोडताना

काठ घोट्याच्या दोन-अडीच इंच वर दिसायला लागला की वरची दुमड सोडा. खालची राहू द्या, ती काठाजवळ शोभते. एका बाजूने दर चौथा टाका उसवण्याच्या हत्याराने कापा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढा, सरसर निघून येतो. कापड ओलं करून भोकांवरून नखाने आडवं-उभं घासा, धागे जागेवर सरकतात. मग उलट बाजूने इस्त्री.

दुमडीच्या आत झाकलेला पट्टा थोडा गर्द राहिलेला असेल. जुन्या साडीत हा फरक जवळजवळ कळत नाही, नव्या कापडात कळतो. टीप होती त्या रेषेवर काठाच्या रंगाच्या दोऱ्याने साखळी टाका घातला की रेष लपते. माझ्या भाचीने त्यासाठी पिवळा दोरा निवडला, मी लाल काढून ठेवला होता. पिवळाच घातला.

पोलकं कापून उरलेल्या कापडाचा वीतभर तुकडा ठिगळासाठी ठेवा. तो कपाटात जपून ठेवू नका, परकर धुवाल तेव्हा त्याच्याबरोबर धुवा आणि त्याच्याच शेजारी वाळत घाला. दोन वर्षांनी गुडघ्यापाशी कुठे फाटलं तर त्या तुकड्याचा रंग परकराइतकाच उतरलेला असेल आणि ठिगळ वेगळं दिसणार नाही.